रिकामा तोबरा

“ही मुकी हाय का गं?”

“न्हाई, इंग्रजी शाळंतली हाय.”

बोलणं माझ्याबद्दल चाललं होतं आणि माझ्यापासून दोन हातांवर चाललं होतं. विचारणारी शेजारीण रिकाम्या ड्रमावर बसून टँकरची वाट बघत होती. उत्तर देणाऱ्या अक्का, म्हणजे घोडीच्या मालकीणबाई, तांदूळ धूत होत्या. मी घोडीच्या बरगडीकडे बघत तिचे श्वास मोजत होते. तीस, एकतीस, बत्तीस. मिनिट संपलं. धडधाकट घोडा उभ्या जागी एवढ्या वेळात बारा-चौदा श्वास घेतो.

शेजारणीचा मला राग आला नाही. अक्कांनी इतक्या कमी शब्दांत माझी ओळख करून दिली याचं उलट बरंच वाटलं. मला तेवढं जमलं नसतं.

मी नांदेडची. शाळेत पहिलीपासून इंग्रजी, घरी अर्धं मराठी, आणि बोलायची वेळ आली की दोन्ही गायब. जनावरांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षी मला जळकोटजवळच्या एका दवाखान्यात सहा महिन्यांसाठी पाठवलं. जनावरं बोलत नाहीत म्हणून मी हा धंदा निवडला होता. त्यांची माणसं बोलतात, आणि बोलायला लावतात, हे आधी कुणी सांगितलंच नाही. पहिल्याच आठवड्यात एका म्हशीपाशी उभी राहून मी म्हणाले, “या जनावराला श्वसनाचा त्रास होत आहे.” समोरच्या चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, “बातम्या लागल्या रे! आवाज वाढवा!” त्या दिवसापासून टपरीवर माझं नाव ‘बातम्या’ पडलं. “बातम्या आल्या का? आज लवकर आल्या.” मी तोंड मिटलं आणि वही उघडली. जे दिसेल ते वहीत लिहायचं, इंग्रजीत. वहीत लिहिलं म्हणजे सांगितलं, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. लातूर शहराला रेल्वेनं पाणी येत होतं आणि आमच्याकडे टँकर यायचा तेव्हा यायचा. टपरीवर मात्र पाण्यापेक्षा जिल्ह्याची चर्चा जास्त. उदगीर जिल्हा होणार, आज होणार, अधिवेशनात होणार. जिल्हा झाला की पाणी येणार, रस्ता होणार, मुलांना नोकऱ्या लागणार. एक म्हातारे गृहस्थ तर म्हणायचे की जिल्हा झाला की त्यांचा गुडघा पण बरा होणार, कारण मग सिव्हिल हॉस्पिटल जवळ येईल. यावर कुणी हसायचं नाही. हिशेब बरोबरच होता.

घोडी अप्पांची, म्हणजे अक्कांच्या नवऱ्याची. अप्पांचं किराणा दुकान होतं, कपाळावर सकाळी ओढलेली विभूती संध्याकाळपर्यंत तशीच असायची, आणि घोडी हा त्यांचा शौक. पांढरीशुभ्र, वरातीची. हलगी वाजली की पुढचे पाय आपोआप उचलायची. अप्पा गिऱ्हाइकाशी मराठीत बोलायचे, उधारी मागणाऱ्याशी उर्दूत आणि घोडीशी कानडीत. “बा तायी, बा,” म्हणाले की ती मान खाली घालून यायची. जिल्हा जाहीर झाला की जी मिरवणूक निघेल तिच्या पुढं आपलीच घोडी, हे त्यांनी टपरीवर सांगून ठेवलं होतं. कुणी हरकतही घेतली नव्हती.

पण त्या वर्षी गावात कडबाच उरला नाही. लांबून ट्रकनं आलेला जुना कडबा सगळ्यांनी घेतला, अप्पांनीही. पेंढी सोडली की काळपट धूर निघावा तशी धूळ उडायची. दोन महिने घोडीनं ते खाल्लं, तेच हुंगलं, आणि खोकू लागली. मग एका वरातीत, मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतच्या जेमतेम अंतरात, ती मध्येच उभी राहिली. नाकपुड्या फुललेल्या, पोट भात्यासारखं. नवरदेवाला उतरून चालत जावं लागलं. गावानं ठरवलं की नवरदेव जड होता. अप्पा हसले नाहीत.

पाठोपाठ बिलोलीकडच्या एका वीटभट्टीवाल्याचा निरोप आला. वरातीला चालत नसेल तर भट्टीवर द्या, रविवारी येतो, बघतो. त्या भट्ट्यांवर घोड्यांना काय काम असतं ते मी पाहिलं होतं. दिवसभर विटा, राख आणि धूळ. निरोगी जनावर तिथं दोन-तीन वर्षांत संपतं. धाप लागलेलं किती टिकणार, ते मोजायला वहीची गरज नव्हती.

म्हणून अप्पा सोमवारी दवाखान्यात आले. साहेबांनी, म्हणजे आमच्या मोठ्या डॉक्टरांनी, घरी येऊन घोडीच्या छातीला बराच वेळ नळी लावली, पोटाच्या कडेनं उठलेली रेघ मला बोटानं दाखवली. श्वास बाहेर ढकलायला जनावर जोर लावतं, तेव्हा तिथला स्नायू फुगून अशी रेघ उमटते.

“दमा आहे, अप्पा. माणसाला होतो तसाच.”

“मंग सुई द्या.”

“सुई दिली तर औषध सगळ्या अंगात जातं. हिचे खूर मागं एकदा बिघडलेत, त्या औषधानं परत बिघडतील. हिला औषध हुंगवायचं. पंपानं.”

“पंप?” अप्पा म्हणाले. “माज्या मेव्हण्याकडं हाय तसला? फुस्स करायचा?”

“तोच. फक्त मेव्हण्याला दोनदा फुस्स, तर हिला दहा-बारा वेळा.”

“मेव्हणा बी घोड्यासारखाच खातो तसा,” अप्पा म्हणाले, आणि आतून अक्कांनी भांडं आपटलं. मेव्हणा म्हणजे अक्कांचा भाऊ.

“आणि दुसरं,” साहेब म्हणाले, “पंपापेक्षा हे महत्त्वाचं. धूळ बंद. कडबा भिजवून द्यायचा. धूळ नाकात जातच राहिली तर पंपाचा काही उपयोग नाही.”

“भिजवायचा? कडबा? पाण्यात?” अप्पांनी तीन वेगवेगळे प्रश्न विचारावेत तसं विचारलं. तेव्हा माणशी दोन घागरी मिळत होत्या.

मग अक्का बाहेर आल्या. “डाळीतांदळाचं धुतल्यालं पाणी हाय की. आन मी एक दिवसाआड न्हाईन. मला कुठं वरातीत नाचायचंय.”

पंप आणायला मला जळकोटला पाठवलं. औषधाच्या दुकानात मी नेहमीप्रमाणे चिठ्ठी पुढं केली. दुकानदारानं वाचली, एकदम सहा पंप बघून चष्मा वर केला. “पेशंटचं वय?”

“नऊ.”

“नऊ वर्षांच्या लेकराला येवढं? वजन किती हाय?”

“साडेतीनशे किलो,” मी म्हणाले. दुकानदारानं चष्मा उतरवला. मला खरं तर पुढं बरंच काही सांगायचं होतं, पण मी चिठ्ठीवर बोट ठेवलं. तिथं साहेबांनी लिहिलं होतं: घोडी. दुकानदार इतका हसला की शेजारचा चप्पलवाला बघायला आला.

आता पंप घोडीच्या नाकाला लावायचा कसा? घोडं तोंडानं श्वास घेत नाही, नाकानंच घेतं, हे एक सोपं. पण दोन्ही नाकपुड्या झाकतील असं काहीतरी हवं. साहेबांनी गोडेतेलाच्या पाच लिटरच्या कॅनचा तळ कापून घेतला, एका बाजूला पंपापुरतं भोक पाडलं. दुसऱ्या बाजूला आणखी एक भोक पाडून त्यावर पंक्चरवाल्याकडून आणलेल्या सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याचा पडदा केला, म्हणजे बाहेर सोडलेला श्वास निघून जाईल. झकास झालं होतं. घोडीनं ते बघितलं आणि मान अशी झटकली की कॅन उडून शेजारणीच्या अंगणात.

तीनदा असं झालं. अप्पा कानडीत विनवत होते, घोडी कुठल्याच भाषेत ऐकत नव्हती. मी खुंटीकडे बघत होते. तिथं तिचा तोबरा टांगलेला होता. कॅनव्हासची ती जुनी पिशवी, जिच्यात चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, भरून त्याच्या तोंडाला बांधतात. मी वहीचं पान फाडून लिहिलं, ‘कॅन तोबऱ्याच्या आत बसवला तर?’ आणि साहेबांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं. “बोलली असतीस तरी चाललं असतं गं,” म्हणाले.

पण चिठ्ठीवरही काम चाललं. तोबऱ्याला दोन भोकं पाडून कॅन आत बसवला, पंप आणि पडदा बाहेर राहतील असा. तोबरा बघताच घोडीनं स्वतःहून आत नाक घातलं. तिनं श्वास आत घेतला की पंप दाबायचा, सोडला की थांबायचं. श्वास बघायची सवय मला, म्हणून दाबायचं काम माझं. दहा मिनिटांनी मोजले. बत्तिसाचे वीस झाले होते. घोडीनं मान खाली सोडली आणि एक लांब सुस्कारा टाकला. अप्पांनी दोन्ही हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. मला वाटतं पंपाला.

त्याच संध्याकाळी साहेबांची चारा छावणीवर नेमणूक झाली. मला म्हणाले, “रोज सकाळ-संध्याकाळ तू जायचंस. काही वेगळं दिसलं तर फोन कर.” फोन करणं हे माझ्या लेखी भाषण करण्यासारखंच होतं. मी मान हलवली.

मंगळवारी सकाळी गेले तर अप्पा तोबरा घेऊन तयार उभे. बांधण्याआधी त्यांनी धोतराच्या सोग्यातून हरभऱ्याच्या भुशाची एक मूठ काढली आणि तोबऱ्यात टाकली. अगदी प्रेमानं, देवापुढं अक्षता टाकाव्यात तशी. मग बांधला. घोडीनं आत नाक घातलं, फुर्र केलं आणि ट्यूबच्या पडद्यातून बारीक धूळ बाहेर आली.

मी पंप हातात धरून उभी होते. मला दिसलं. ते काय आहे हे मला कळलंही. अक्का अंघोळ सोडून ज्या धुळीवर पाणी घालत होत्या, तीच धूळ, कोरडी, बंद पिशवीत, थेट नाकाखाली. वर आम्ही औषध सोडत होतो, तेही आत जाताना धूळ घेऊनच जात होतं.

सांगायला काही लागत नव्हतं. दोन शब्दांचं काम. पण माझ्या डोक्यात ते वाक्य तयार झालं ते असं: ‘कृपया तोबऱ्यामध्ये भुसा टाकू नये.’ एसटीतल्या पाटीसारखं. टपरी समोरच होती. मी स्वतःला समजावलं की चाळलेला असेल. एक मूठच तर आहे. साहेब येतीलच एक-दोन दिवसांत, त्यांना दिसेल. मग मी वहीत लिहिलं: श्वास चोवीस, तोबऱ्यात कोरडा भुसा. इंग्रजीत. वही मिटली.

साहेब आले नाहीत. बुधवारी सव्वीस. गुरुवारी सत्तावीस. रोज दोन वेळा अप्पांची मूठ आणि रोज दोन वेळा माझी नोंद. शुक्रवारी अक्कांनी मला चहा दिला आणि विचारलं, “सुधारून राहिली ना गं?” मी मान अशी हलवली की तिचा अर्थ हो पण होईल आणि नाही पण. हे मला फार चांगलं जमायचं. अक्का कडब्याच्या पेंढीवर पातेल्यातलं पाणी शिंपडत होत्या, थेंब वाया जाऊ नये म्हणून हाताच्या ओंजळीतून. त्यांचे केस तेलकट झाले होते. त्यांनी कपभर पाणी माझ्या चहाला वापरलं होतं. तो चहा मी कसा प्यायले ते मलाच माहीत. शनिवारी श्वास तीस झाले. वहीत मी त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या, जणू त्या रेघा कुणी वाचणार होतं.

रविवारी मी पोचले तेव्हा वीटभट्टीवाला आधीच बसलेला. मोटारसायकल दारात, मांडीवर टॉवेल, बोलायला मोकळा माणूस. वाईट म्हणता येणार नाही. त्यानं घोडीचे दात बघितले, पाय उचलून बघितले, खोकला ऐकला.

“अप्पा, ही वरातीत न्हाई चालायची आता. आमच्याकडं हळूहळू सवय व्हते. धुळीचं काय, आमी बी धूळच खाऊन राहिलो.”

“औषध चालू हाय,” अप्पा म्हणाले.

“पंप?” त्यानं माझ्या हाताकडे बघितलं. “अप्पा, घोडीला पंप! आमच्या तालुक्याला माणसाला मिळंना. जिल्हा व्हायच्या आधीच तुमची घोडी सिव्हिलमधी भरती झाली म्हणा.”

टपरीवरचे दोघं-तिघं हसले. अप्पाही कसंनुसं हसले. मग म्हणाले, “आजचं औषध व्हऊ द्या. मंग तुमी-आमी बोलू.” आणि ‘बोलू’ म्हणताना त्यांनी घोडीकडे न बघता भिंतीकडे बघितलं. अक्का दारातून आत गेल्या. मला कळलं की घोडी द्यायचं ठरलंय.

अप्पांनी तोबरा घेतला. सोग्यात हात घातला. मूठ बाहेर आली.

“अप्पा,” मी म्हणाले, “ती मूठ नका टाकू.”

माझा आवाज मोठा निघाला. न वापरलेल्या नळाला एकदम पाणी यावं तसा, खरखरत. टपरीवरच्या माना वळल्या. “बातम्या,” कुणीतरी हळूच म्हणालं, पण हसलं नाही कुणी.

“कामून?” अप्पांनी विचारलं.

“धूळ आहे त्यात. घोडीच्या नाकात जाते. औषधाबरोबर आत जाते.”

अप्पांची मूठ तशीच हवेत. “पोरी, रिकामा तोबरा घोड्याच्या तोंडाला लावत नस्त्यात,” ते म्हणाले. रागानं नाही, लहान मुलाला सांगावं तसं. “माजा बाप सांगायचा. रिकामा तोबरा बांधला म्हंजे या घरात तुजा दाणा संपला, असं तिला सांगितल्यासारखं व्हतं. दुष्काळ हाय म्हणून काय झालं? तेवढी एक मूठ आजून हाय माज्या घरात.”

मला तो भुसा रोज दिसत होता, पण ही गोष्ट दिसली नव्हती. ती विचारल्याशिवाय दिसणारी नव्हतीच, आणि मी विचारलं नव्हतं. शिवाय तोबरा वापरायची कल्पना माझीच. चिठ्ठीवर लिहून दिलेली.

पुढचं आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहील. घोडी भट्टीवर गेली नाही. त्या रविवारनंतर अप्पा औषध झालं की तोबरा सोडायचे, कॅन काढायचे आणि अक्कांच्या पाण्यात भिजवलेली चंदी मूठभर घालून परत बांधायचे, म्हणजे बापाचाही मान राहिला. दहाव्या दिवशी श्वास सोळावर आले. पहिल्यासारखी ती कधीच झाली नाही, लांबच्या वराती अप्पांनी बंद केल्या, पण मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत ती पुढं कित्येक नवरदेवांना घेऊन गेली, जड नवरदेवांनाही. जिल्हा मात्र झाला नाही. मिरवणूक राहिलीय. साहेबांनी माझी वही वाचली तेव्हा पाच दिवसांच्या नोंदींवरून बोट फिरवत गेले आणि काहीच बोलले नाहीत. एवढा वेळ कुणी गप्प राहिलं की समोरच्याला काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी अप्पा मूठ धरून उभे होते, भट्टीवाला टॉवेलनं मान पुसत होता, आणि घोडी तोबरा दिसूनही बांधत का नाहीत म्हणून अप्पांच्या खांद्याला नाक लावत होती.

“अप्पा, तोबरा रिकामा नाही ना,” मी म्हणाले. “औषध असतं त्यात.”

अप्पांनी थोडा विचार केला. मूठ हळूहळू परत सोग्यात गेली. मला वाटलं, झालं. मी पंप हलवून तयार केला. तेवढ्यात दारातून अक्कांचा आवाज आला. त्या कधी बाहेर येऊन उभ्या राहिल्या होत्या ते मला दिसलंच नव्हतं. मला, जिला सगळं दिसतं.

“आन हे तुला आज दिसलं व्हय गं? रविवारी?”

त्यांच्या हातात पातेलं होतं. तांदळाचं पाणी. हो पण आणि नाही पण अशी मान हलवायला जागाच नव्हती. मी पंप खाली ठेवला आणि त्यांच्याकडे बघून म्हणाले,

“न्हाई अक्का. मंगळवारीच दिसलं होतं. मला बोलायची लाज वाटली, म्हणून मी गप्प बसले. तुमचं सगळं पाणी माझ्यामुळं वाया गेलं. घोडीचा दोष नाही, औषधाचा नाही, माझा आहे. आणखी आठ दिवस द्या मला. घोडी देऊ नका.”